ती फडकी माझी नव्हती

मी मुळात भित्री. पालीला भिते, विजेला भिते, पोस्टमनने दुपारी कडी वाजवली तरी छातीत धस्स होतं. त्यामुळे पुढचं वाचून कोणी मला शूर समजू नये. एकदाच काय ते धाडस केलं, तेही सहा महिने उशिरा, आणि त्याची भीती अजून गेलेली नाही.

आमचं घर तांडापेठेत, विणकरांच्या गल्लीत. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला बाबांचा माग, मधल्या खोलीत चूल, मागे पडवी आणि न्हाणी. घरात माणसं चारच. बाबा, माय, मी आणि आत्या. आत्या ही बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. घरात शब्द तिचाच चालायचा. बाबासुद्धा लुगड्याच्या काठाचा रंग तिला विचारून ठरवायचे.

घरात देव होते, पण खरा धाक सुताचा होता. महिन्याच्या त्या चार दिवसांत बाईने सुताला हात लावायचा नाही. चरख्यावर कांड्या भरायच्या नाहीत, मागाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, आणि ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला, खळ लावायची असेल त्या दिवशी तर गल्लीतही दिसायचं नाही. पडवीत एक तरटाचा तुकडा, एक पेला आणि एक ताटली ठेवलेली असायची. तिथे बसायचं आणि चार दिवस मोजायचे. विटाळशीची सावली पडली की धागा तुटतो, असं आत्या सांगायची. धागे एरवीही तुटायचेच, पण ते मोजायला कोणी बसत नसे.

खळ लावणं म्हणजे आमच्या घरचं सगळ्यात मोठं काम. सकाळी ऊन चढायच्या आत ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधायचा आणि दोन बाजूंनी दोघींनी कुंच्याने पिठाची खळ सारवत पुढे सरकायचं. मध्ये थांबता येत नाही. खळ वाळली की सूत चिकटतं आणि सगळा ताणा वाया जातो. आमच्याकडे एका बाजूला आत्या असायची आणि दुसऱ्या बाजूला माय. पण मायचे चार दिवस मध्ये आले की शेजारणीची मनधरणी करावी लागायची. म्हणून मायची पाळी कायमची गेली तेव्हा घरात आनंदच झाला. माय चाळिशी ओलांडून दोन-तीन वर्षं झालेली. ती मला म्हणाली होती, "सुटली बाप्पा मी. आता महिनाभर सूत माहं." त्या दिवशी तिने स्वतःहून गुळाचा शिरा केला होता.

ही साठच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी नववीत होते. माझी पाळी सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं.

पोळा झाल्यावर काही दिवसांनी एक दिवस शाळेतून आले तर आत्या मागच्या दोरीपाशी उभी. दोरीवर जुनं लुगडं वाळत घातलेलं आणि त्याच्याखाली लपवलेली चार फडकी. आम्ही ती तशीच वाळवायचो, कोणाच्या नजरेला पडू नयेत अशी. आत्याने लुगडं वर उचलून धरलं होतं. "कोनाचे हायेत हे?" तिने विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माय न्हाणीतून बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोट्टीचे हायेत. कोनाचे असनार?"

माझे नव्हते. माझे दिवस आठवड्यापूर्वीच येऊन गेले होते.

आत्याने लुगडं पुन्हा खाली सोडलं. मी मुकाट्याने पडवीत जाऊन तरटावर बसले. मायने खोटं सांगितलं याचं आश्चर्य इतकं होतं की भीती वाटायला वेळ लागला. थोड्या वेळाने ताटली सरकवायला आली तेव्हा ती माझ्यासमोर उकिडवी बसली. म्हणाली, "कमजोरी हाये. जाईन आपोआप. तू चार दिवस बसजो, मंग काही नाही." मी विचारलं, "पन तू काहून नाही बसत?" ती म्हणाली, "माहे चार दिवस चारात संपून नाही राहिले वं."

हे तेव्हा मला नीट कळलं नाही. आता कळतं. चार दिवस बसून उठता येतं. जिचं रक्त आज येतं, परवा थांबतं, पाच दिवसांनी पुन्हा येतं, तिने कधी बसायचं आणि कधी उठायचं? आमच्या घराच्या हिशेबाने तिला सूत कायमचं बंद झालं असतं. नुकतं कुठे महिनाभराचं सूत तिच्या हाती आलं होतं. आणि गेलेली पाळी परत आली म्हणून गल्ली हसली असती ते वेगळंच.

मी म्हटलं, "आत्याले सांगू?"

तेव्हा तिने माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माही शपथ हाये तुले. कोनाले सांगशील तर माहं मेलेलं तोंड पाहशील."

ही शपथ आमच्याकडे बाया भाजी निवडता निवडता घालत असत. जेव म्हणून घालत, जाऊ नको म्हणून घालत. पण माझा तळवा तिच्या डोक्यावर होता आणि तिचं डोकं गरम लागत होतं.

तेव्हापासून मी दोघींचे दिवस बसू लागले. माझे माझे, आणि मायचे जमतील तेवढे. ती फडकी धुवायचं कामही माझ्याकडे आलं, कारण ती माझी होती ना. मायच्या फडक्यांना वास यायचा. रक्ताचा नाही, दुसराच. पाणी साठून सडल्यासारखा. मी श्वास धरून धुवायची. आणि त्याच सुमारास माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, नखाच्या बाजूला, एक खरखरीत पुटकुळी उठली. आधी तिळाएवढी, मग तुरीच्या दाण्याएवढी. चामखीळ. वर्गात कोणाकोणाला चामखिळी होत्या, कोणी लक्ष देत नसे. पण माझ्या मनाने एकच घेतलं: मायचं जे काही आहे ते या बोटातून माझ्यात शिरलं.

इकडे आत्या मोजत होती. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ताण्याचे धागे आणि बायांचे दिवस ती पक्के लक्षात ठेवायची. दिवाळीच्या आधी एक दिवस ती बाबांना म्हणाली, "पोट्टी महिन्यातून दोनदा, तीनदा बसून राहिली. हे चांगलं लक्षण नाही. डॉक्टरीनबाईले दाखवतो मी." बाबा मागावरून न उठता हो म्हणाले. बायकांच्या या गोष्टींत ते मान वर करत नसत. माय चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

म्हणजे रक्त मायचं आणि दवाखान्यात निघाले मी. आज सांगताना हसू येतं. तेव्हा सायकलरिक्षात आत्याला चिकटून बसले होते आणि माझे दात वाजत होते.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना धरमपेठेत. आमच्या गल्लीतून कोणी तिकडे सहसा जात नसे. पांढरा पडदा, त्याच्यामागे उंच लोखंडी टेबल, फिनेलचा वास. डॉक्टरीणबाई प्रौढ, जाड भिंगांच्या चष्म्याच्या, आवाज मऊ. त्या विचारायच्या मला आणि उत्तरं द्यायची आत्या. किती दिवस, किती अंतराने, वास येतो का, कंबर दुखते का. वास येतो म्हणून आत्याने कसं सांगितलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मग डॉक्टरीणबाईंनी आत्याला बाहेर बसायला सांगितलं. आत्या एरवी असं कोणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण त्या दिवशी लगेच उठली आणि पडदा नीट ओढून गेली.

डॉक्टरीणबाईंनी माझं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. "खरंच महिन्यातून इतक्या वेळा येतं का गं तुला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. हो.

"घरी काही त्रास आहे? काही सांगायचं आहे मला?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण मला चुलीपुढे बसलेली माय दिसली आणि ती तिथल्या तिथे आडवी झालेली दिसली. माझं मेलेलं तोंड पाहशील. मी म्हटलं, "नाही."

त्यांनी लोहाच्या औषधाची बाटली लिहून दिली. अशक्तपणा आहे म्हणाल्या, आणि तसा तो होताही. परतताना रिक्षात आत्याने विचारलं, "डॉक्टरीनबाईनं काही इचारलं नाही का?" मी म्हटलं, इचारलं. "मंग? तू काही सांगितलं नाही?" मी म्हटलं, "काय सांगायचं?" आत्याने तोंड दुसरीकडे वळवलं, ते घर येईपर्यंत. मला वाटलं, औषध महाग निघालं म्हणून रागावली.

ते औषध मी मायला दिलं. तिने ते रोज दोन चमचे नेमाने घेतलं. जीभ काळी व्हायची तिची. बाटली संपली तेव्हा म्हणाली, "बरं वाटून राहिलं वं." मी देवापुढे साखर ठेवली.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. मायचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. कंबरेला हात लावून ती भिंतीला टेकायची, कोणी आलं की सरळ उभी राहायची. न्हाणीत जाताना ती आता उदबत्ती लावून जायची. खळ लावताना मात्र तिचा कुंचा आत्याच्या कुंच्याबरोबरीने चालायचा. ताण्याच्या पलीकडून आत्या तिच्याकडे मध्येच टक लावून बघायची आणि मला वाटायचं, आता हिला कळलं, आता ही सगळ्या गल्लीसमोर बोलणार. ती पुन्हा कुंचा सारवायला लागायची. मी रोज या भीतीने उठायची की आज कोणाला तरी कळेल, आणि रोज या भीतीने झोपायची की आजही कोणाला कळलं नाही.

बोटावरच्या एका चामखिळीच्या आता तीन झाल्या होत्या. शेजारच्या काकूंनी सांगितलं, टांग्याच्या घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांधून ठेव, आपोआप गळून पडते. बाबांनी टांगास्टँडवरून केस आणून दिला. मी तो इतका आवळून बांधला की बोट जांभळं पडलं. चामखीळ काही पडली नाही. मी शाळेत बोट मुठीत लपवून बसायची आणि धडा चालू असताना मनात म्हणायची, आधी बोट सडेल, मग हात, मग मी मायसारखी वास मारायला लागेन.

होळीनंतर एके दुपारी शाळा लवकर सुटली. मी घरी न जाता चालत निघाले. धरमपेठ किती लांब आहे हे मला रिक्षात बसून कळलं नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. शपथ मोडायची नाही हे ठरलेलंच होतं. मी फक्त माझं बोट दाखवणार होते.

डॉक्टरीणबाईंनी ओळखलं. बोट भिंगाखाली धरलं आणि हसल्या. "अगं, चामखीळ आहे साधी. एवढ्यासाठी चालत आलीस? कित्येक मुलांना होते. राहू दे, आपली आपण जाते."

मी विचारलं, "ही रक्तातून आली का?"

"कसल्या रक्तातून?"

"फडक्याच्या."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "कुणाच्या फडक्याच्या?" त्यांनी विचारलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मला रडू फुटलं. मग मी सगळं सांगितलं. रक्त, वास, कंबर, तरट, औषधाची बाटली, शपथसुद्धा. त्यांनी विचारलं, "किती महिने झाले?" मी बोटांवर मोजून सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला तो मी पाहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "तू घरी जा. मी उद्या येते. तुझं नाव निघणार नाही."

घरी जातानाची वाट मला अजून स्वप्नात दिसते. शपथ मोडली होती. माय मेलेली असणार याबद्दल मला शंका नव्हती. प्रश्न एवढाच होता की दारात माणसं जमली असतील की अजून कोणाला कळलंच नसेल. गल्लीच्या तोंडाशी मी थांबले. मग आमच्या घरातून चरख्याची घरघर ऐकू आली. आत्या त्या वेळी विहिरीवर असायची. म्हणजे चरख्यावर माय होती. मी भिंतीला धरून तिथेच बसले आणि ती घरघर थांबू नये म्हणून ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खरोखरच आल्या, रिक्षाने. घरातल्या सगळ्याच बायांचं रक्त कमी आहे का पाहायचंय म्हणाल्या. आत्याने त्यांना पाट दिला, आधी स्वतःचे डोळे दाखवले आणि लगेच म्हणाली, "आता भावजयचे पाहा." त्या मायला मधल्या खोलीत घेऊन गेल्या. बाहेर आल्या तेव्हा बाबांना म्हणाल्या, "उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या. मी चिठ्ठी देते."

मोठ्या सरकारी दवाखान्यात बाबांना सांगितलं गेलं की गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर आहे आणि तो पसरला आहे. बाबांना 'तोंडाचा' एवढाच शब्द कळला. ते म्हणाले, "पन ते तर तंबाखूही नाही खात." कोणी तरी पुन्हा समजावलं तेव्हा ते लाजून खाली बघायला लागले. रेडियमचे उपचार झाले. मायचे केस तसेच राहिले, पण बाकीची माय तिथेच कुठे तरी राहिली. व्हरांड्यात एक डॉक्टर दुसऱ्याला म्हणाला, सहा-आठ महिने आधी आली असती तर. मी तिथे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्या डॉक्टरला मी दिसलेही नसेन.

नातेवाईक आले, तेव्हा बाया पदराआड कुजबुजल्या. हा रोग तसल्या बायांना होतो. हिने काय केलं असेल? बाबांकडे तर कोणी संशयानेही पाहिलं नाही. माझी माय तांडापेठेच्या बाहेर एकटी कधी गेली नव्हती. मला त्या बायांचे केस धरून त्यांना न्हाणीत कोंडावंसं वाटलं होतं. मी त्यांना चहा दिला.

मायने मला कधीच विचारलं नाही की तू सांगितलंस का. तिचा हात माझ्या हातात असायचा, पण विचारलं नाही. पुढच्या पोळ्याला ती पडवीतच होती, आता तरटावर नाही, खाटेवर. दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. रोगराई घेऊन जा म्हणून लोक ओरडत होते, तो गोंगाट आमच्यापर्यंत येत होता. माय म्हणाली, "मले बी ने म्हना तिले." आणि हसली. मला तिचा राग आला. आठवड्याने ती गेली.

तिला अंगणात ठेवलं, हळदकुंकू लावलं. बायांनी मला दंडाला धरून पुढे आणलं. पाहून घे पोरी, शेवटचं तोंड. मी डोळे गच्च मिटून घेतले. सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील, असं ती म्हणाली होती. मी सांगितलं होतं. पण तोंड पाहिलं नाही तर शपथ पुरी होत नाही, मग तिच्या मरणाला मी कारण ठरत नाही, असा माझा पंधरा वर्षांच्या अकलेचा हिशेब होता. मी डोळे मिटून वाकले, पायांना हात लावला आणि मागे सरले. कोणाला कळलं नाही.

आत्या अंगणात आलीच नाही. दोन बाया बोलवायला गेल्या तरी ती मागाच्या खोलीत बंद चरख्यासमोर, दाराकडे पाठ करून बसून राहिली. मी तिथेच ठरवलं की या बाईला काळीज नाही. तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलले.

बोटावरच्या चामखिळी कधी गेल्या ते कळलंच नाही. केव्हा तरी परीक्षेला बसले आणि पाहिलं तर बोट स्वच्छ. माझं गेलं आणि मायचं राहिलं, असं मनात आलं आणि मला पेपर सुचेना.

पुढे लग्न झालं. आम्ही प्रतापनगरला राहायला गेलो, दोन मुलं झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, मी तिशी ओलांडल्यावर, एक दिवस पाळी नसताना रक्ताचा डाग दिसला. शहाणी, शिकलेली, पत्रिका न पाहता लग्न केलेली मी, तीन आठवडे नवऱ्याला काही सांगितलं नाही. फडकं धुवून टॉवेलखाली वाळत घातलं. हात आपोआपच तसं करून गेले.

त्याच दिवसांत आत्या आमच्याकडे आली होती. सत्तरीची, वाकलेली. दोरीवरचा टॉवेल तिने उचलला आणि पुन्हा तसाच टाकला. संध्याकाळी म्हणाली, "उद्या दवाखान्यात चाल. मी येतो तुह्यासंग." मी म्हटलं, "काही नाही झालं मला." ती म्हणाली, "तुले इचारलं नाही मी."

तिथे एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने गर्भाशयाच्या तोंडावरून थोडंसं खरवडून काचेच्या पट्टीवर घेतलं. आठवड्याने निकाल. तो आठवडा मी कसा काढला ते सांगत नाही. मुलांच्या डब्यांत मीठ दोनदा पडलं, एवढं पुरे. निकालाच्या दिवशी बाकावर बसले तेव्हा आत्याने माझे हात आपल्या मांडीवर दाबून धरले.

डॉक्टर म्हणाली, साधी सूज आहे, औषधाने जाईल. बाकी सगळं स्वच्छ.

मी खुर्चीतून उठले नाही. मग इतक्या वर्षांचं तिच्यापुढे ओतलं. माय, फडकी, बोट. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, परदेशात अलीकडेच लक्षात आलं आहे की या आजारामागे एक विषाणू असतो. चामखीळही त्याच कुळातल्या एका विषाणूने होते, पण तो वेगळा. हाताच्या कातडीवरचा हातावरच राहतो. "फडक्यांचा काही संबंध नाही. वर्गातल्या कुणा मुलीकडून आला असेल." पुढच्या काळात मी याबद्दल मिळेल ते वाचत गेले, नातीला लस दिली तेव्हा तर डॉक्टरला भंडावून सोडलं. कळलं ते असं की हा विषाणू नवरा-बायकोच्या साध्या सहवासातून येतो, आणि तो इतका सर्रास आहे की बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी होतोच. बाईलाही, पुरुषालाही. दुखत नाही, खुपत नाही, कळतही नाही. बहुतेकांचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला हुसकून लावतं, माझ्या बोटाने लावलं तसं. थोड्या जणींच्या आत तो चिकटून राहतो आणि दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहून जास्त, गुपचूप पेशी बिघडवत बसतो. त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही. पदराआड कुजबुजणाऱ्यांपैकीही कितीजणींच्या अंगातून तो येऊन गेला असेल, त्यांना पत्ताही नसेल.

त्या दिवशी मी डॉक्टरला एवढंच विचारलं, "मी सहा महिने आधी सांगितलं असतं तर?"

ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "तो आजार तिच्यात कित्येक वर्षं वाढत होता. पण त्या सहा महिन्यांचं मी नाही सांगू शकत."

बाहेर कडुनिंबाखाली आम्ही रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. आत्या खोलीत माझ्या मागेच बसली होती, तिने सगळं ऐकलं होतं. बराच वेळ ती काठीने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "तुले तिनं शपथ घातली होती ना वं?"

मी चमकले. "तुले कसं माहीत?"

"मले पयले घातली होती. म्या तिचं लुगडं पाहिलं होतं, पोळ्याच्याही पयले. तिनं माहा हात डोक्यावर ठेवला अन् तेच बोलली. मेलेलं तोंड पाहशीन."

आत्याने माझ्याकडे न बघता पुढे सांगितलं. "मी कशी बोलू? म्हनून तुले नेलं डॉक्टरीनबाईकडं. म्हटलं, मी नाही बोलत, पन बाई इचारीन अन् लेकरू सांगून देईन. वास येते म्हनून बी सांगितलं म्या. बाहेर बसून देवाचं नाव घेऊन राहिली होती."

पडदा नीट ओढून गेलेली आत्या मला दिसली. रिक्षात तोंड वळवून बसलेली दिसली. इतकी वर्षं मी तिला दगड म्हणत आले होते. मी म्हटलं, "मी 'नाही' म्हटलं गं तेव्हा. नंतर सांगितलं. सहा महिन्यांनी."

"माहीत हाये. डॉक्टरीनबाई घरी आली तवाच समजलं." तिने डोळे पुसले. "पन तुले नेलं म्हंजे म्या सांगितल्यासारखंच झालं ना? मले भेव वाटलं. म्हनून अंगनात नाही आली मी. तिचं तोंड नाही पाहिलं म्या."

रिक्षा आली. आत्या चढली नाही. माझा दंड धरून तिने विचारलं, "तू तर जवळ होती. सांग ना वं, शेवटी कशी दिसत होती ते?"

मी म्हटलं, "आत्या, मी डोळे मिटले होते."